टेबलाच्या अलीकडे

नागपूरच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली करून मी अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आले आणि नवऱ्याच्या व्हिसावर आयतोबा झाले. नोकरी करायला बंदी. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा एका चर्चच्या तळघरात चालणाऱ्या मोफत कायदा केंद्रात मी बिनपगारी राबायला जाऊ लागले. तिथे ती भेटली. युक्रेनची वकील. तिकडे कैद्यांच्या हक्कांसाठी लढायची, इथे एका संस्थेच्या कामासाठी आली होती.

पहिल्याच दिवशी तिने माझी खुर्ची उचलली. मी आपली सवयीने टेबलाच्या पलीकडे बसले होते आणि समोर आश्रय मागायला आलेली एक घाबरलेली बाई. हिने माझी खुर्ची सरळ त्या बाईच्या शेजारी नेऊन ठेवली.

"समोर पोलीस बसतात," ती मला म्हणाली. "आपण शेजारी बसायचं."

माझं टाळकंच सटकलं. इतकी वर्षं काळा कोट घालून मी काय भजी तळत होते? पण आठवडाभरात पटलं. शेजारी बसलं की कागद दोघींनाही सुलटा दिसतो, आणि माणूस लवकर बोलायला लागतो.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. लिंबाचं गोड लोणचं पावाला लावून खायची, त्यावरून मी तिला चिडवायचे. जेवण झालं की आमच्याच स्वयंपाकघरातून कॉलिंग कार्डवर मायदेशी फोन. पलीकडे एक आई असायची. तिच्या मुलाला पोलिसांनी मारून मारून एका खुनाची कबुली द्यायला लावली होती. खून त्याने केलेला नव्हता. खटला हरल्यावरही हिने त्या आईला शब्द दिला होता, की तुझा मुलगा निर्दोष म्हणूनच बाहेर येईल. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ सिंकपाशी उभी राहायची.

मग किव्हच्या चौकात सरकारविरुद्ध थंडीत लोक उभे राहिले, सरकार बदललं आणि हिला तिकडून सत्तेत आलेल्या पक्षाचे फोन येऊ लागले. एके दिवशी रूट सेव्हनवर गाडी चालवताना तिने सांगितलं, "मी निवडणूक लढवणार आहे." मी खूश होणार एवढ्यात पुढचं सांगितलं. त्या मुलाला आत टाकणारा सरकारी वकील त्याच पक्षात होता.

"त्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसणार तू?" मी ओरडलेच.

"बाहेरून दार वाजवून माझे हात सोलले," ती म्हणाली. "मुलगा अजून आतच आहे. तुला तुझी तत्त्वं परवडतात. त्याच्या आईचा फोन तुला घ्यावा लागत नाही."

ते मला लागलं, फार लागलं.

नवरा म्हणाला, "यार, तिचं पॉलिटिक्स तू इतकं पर्सनली का घेतेस?" त्याला काय सांगणार? नागपूरचं कोर्ट सुटल्यापासून मला कुणी वकील म्हणून वागवलं असेल तर तिनेच.

निघायच्या दिवशी ती बॅगा घेऊन आमच्याकडे आली. त्यांच्याकडे प्रवासाला निघताना सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं असतं. आम्ही बसलो. मी तिच्याशेजारी, तिच्याच बॅगेवर.

"आई, व्हाय आर वी सिटिंग?" मुलीने विचारलं. "शी विल मिस द फ्लाइट!"

मग मी तिच्या तळहातावर दही घातलं. राग होता, तरी घातलं. तिने ते चाटून खाल्लं आणि मला मिठी मारली.

ती संसदेत निवडून आली. इंटरनेटवर तिचा फोटो पाहिला, खालची नावं वाचली, तर तो सरकारी वकील तिच्याच रांगेत हसत बसला होता. मी कॉम्प्युटर बंद करून उगाच भांडी घासायला घेतली.

दोन हजार आठ साली एका सकाळी तिचा फोन आला. "तो सुटला."

मी आनंदाने किंचाळले. तिच्या आवाजात मात्र आनंद नव्हता. तेव्हा वकिलाने विचारावं तेच मी विचारलं, "निर्दोष म्हणून?"

"नाही. दयेच्या अर्जावर."

म्हणजे गुन्हा मी केला, मला माफ करा, असं लिहून देऊन. त्याशिवाय तो सरकारी वकील आणि त्याची माणसं आडवं येणं सोडणार नव्हती. तुरुंगात जाऊन मुलाला राजी हिनेच केलं होतं.

"त्याच्या शेजारी बसूनच मी सही घेतली," ती म्हणाली.

मला तिची कीव आली आणि तिचा संतापही आला, एकाच वेळी. मुलगा घरी होता, आईच्या हातचं जेवत होता. गावात आता तो कबुलीजबाब दिलेला खुनी होता.

"काल त्याची आई ऑफिसात आली. मी उठले आणि माझी खुर्ची तिच्या शेजारी नेली."

"मग?"

"म्हणाली, इथे नको. समोर बस. मला तुझं तोंड दिसू दे."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"बसले," ती म्हणाली.