न हरवलेली अंगठी

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी माझी साखर वाढली आणि वाशीमच्या डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. आमच्या अनसिंगात सकाळी सकाळी माणूस रिकाम्या हाताने भराभर चालताना दिसला की लोक थांबवून विचारतात, "कोणाच्या घरी काही झालं काय?" म्हणून मी गावातून न जाता वाशीमच्या रस्त्याने निघायचो. पुलाच्या अलीकडे एक मोठा ब्रेकर आहे, त्याच्या बाजूला चहाची टपरी. तिथपर्यंत जायचं आणि परत फिरायचं.

त्या ब्रेकरपाशी एका सकाळी माझ्या चपलेखाली काहीतरी आलं. बोटाच्या पेराएवढी करडी पट्टी, तिला लोखंडाची आकडी. उचलली तर आकाराच्या मानाने भलतीच जड. नखाने ओरखडा काढला, आत चकाकलं. येताना गावातल्या पंक्चरच्या दुकानात दाखवली. दुकानवाले चाचा म्हणाले, "शिसा हाय हा, सर. गाडीचं चाक थरथरू नये म्हून रिमच्या काठाले ठोकतेत. ब्रेकरवर दणका बसला की उडून पडते."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. शिशाची घनता मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल, पण शिसं असं तळहातावर घेऊन बसलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी माझी नजर आपोआप रस्त्याच्या कडेला गेली. गिट्टीत, गवताच्या बुडाशी, कधी चिखलात अर्धवट रुतलेले तुकडे दिसायला लागले. दिसला की छातीत बारीक आनंद व्हायचा. घरी आल्यावर बाहेरच्या नळावर हात घासून धुवायचे आणि जिन्याखालच्या जुन्या डब्यात तुकडे टाकायचे. शिसं विषारी असतं हे मला माहीत होतं. बायकोला मात्र डब्याबद्दल सांगितलं नव्हतं. कशासाठी गोळा करता, असं तिने विचारलं असतं.

वेचताना कोणी दिसलं की मी चटकन उभा राहायचो आणि तुरीच्या शेताकडे पाहायचो. मी सर होतो. गावात निम्म्या घरांत माझे विद्यार्थी. रस्त्यावर पडलेलं उचलून खिशात घालताना त्यांनी मला पाहावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

तरी टपरीवाल्याने एकदा पाहिलंच. "काय हरवलं, सर?"

"किल्ली," मी म्हणालो.

दोन दिवसांनी मी पुन्हा वाकलेलो असताना तो मोठ्याने ओरडला, "अजून किल्लीच शोधून राह्यले काय?" बाकावर किराणा दुकानदार आणि आणखी दोघं बसले होते. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. किल्ली कोणी दोन-दोन दिवस शोधत नाही, हे माझ्याही लक्षात आलं.

"किल्ली नाही," मी म्हणालो. "सांगायचं नव्हतं. अंगठी पडली. सोन्याची."

शब्द तोंडातून गेला आणि बाकावरचे तिघंही उठले. घटकाभर सगळ्यांनी शोधलं. मीही त्यांच्यासोबत वाकून शोधलं.

त्या रस्त्यावर एक भंगार वेचणारी बाई रोज यायची. पन्नाशीची असेल. लुगड्यावर पुरुषाचा शर्ट, खांद्यावर प्लास्टिकचं पोतं, हातात काठी आणि काठीच्या टोकाला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बांधलेलं. तिला टपरीवर अंगठीची बातमी कळली. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासाठी थांबलेलीच होती.

"गुरुजी, कोण्या हातातली पडली?"

मी उजवा हात पुढे केला.

"नक्षी होती का साधी?"

"साधी."

"वल्या हातानं पडली का कोरड्या?"

मी काहीतरी उत्तर दिलं. तिच्या प्रत्येक प्रश्नाने ती अंगठी आणखी खरी होत गेली. तिसऱ्या दिवशी तिने घरून एक फाटकी चाळणी आणली आणि ब्रेकरच्या दोन्ही बाजूंची बारीक गिट्टी चाळायला लागली. बाभळीच्या काट्यात हात घालून तिने पालापाचोळा ओढून काढला. मी म्हणायचो, "राहू द्या हो बाई, तुमचं काम खोटी होते." ती म्हणायची, "सोनं हाय न, गुरुजी. मातीत राहू द्याचं काय?"

आता सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. ती शोधत होती त्या दिवसांत मला मोकळीक मिळाली होती. अंगठी हरवलेला माणूस म्हणून मला आता उघड वाकता येत होतं. लोक हळहळत पुढे जायचे आणि मी शिसं उचलायचो.

एकदा चाळता चाळता ती म्हणाली, "ह्या ब्रेकरपाशी मले शिशाचे तुकडे भेटत होते. लोखंडापरीस त्याले भाव. आकडी तुटली असली तं चुंबकाले चिकटत नाही, म्हून मी डोयानं पाहून उचलत होती. आता दोन महिन्यापासून एक नाही भेटून राह्यला. कोण उचलते, काय माईत."

माझ्या खिशात त्या वेळी दोन तुकडे होते. मी खिशातच मूठ आवळली आणि म्हणालो, "असेल कोणीतरी."

साधारण आठवडा असा गेला. मग एका सकाळी मी टपरीवर चहा घेत होतो. किराणा दुकानदार हळूच म्हणाला, "सर, तुमी साधे मानसं. इतके दिवस फुकटात कोणी शोधते काय? तिले अंगठी पयल्याच दिवशी भेटली. आता आपल्यासमोर नाटक करून राह्यली."

"नाही हो," मी म्हणालो. एवढंच.

तेवढ्यात ती पुलाकडून आली. दुकानदाराने तिला हाक मारली. "ए बाई, पोतं दाखव."

"कायले?"

"दाखव म्हणलं न."

तिने खांद्यावरून पोतं खाली ठेवायच्या आत बाकावरच्या दुसऱ्या एकाने ते ओढलं आणि उलटं केलं. बाटल्या, तारांची भेंडोळी, एक तुटकी स्प्रिंग, आणि फडक्यात बांधलेली भाकर. फडकं सुटलं, भाकर आणि मिरचीचा ठेचा मातीत पडला. दुकानदाराने पायाने बाटल्या सारल्या. काहीच निघालं नाही, तेव्हा त्याने तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. तिने स्वतःच गाठ सोडली. आत सुपारीचं खांड होतं. ते तळहातावर घेऊन तिने एकेकासमोर धरलं. "पाहून घ्या. तुमीबी पाहा."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी एक वाक्य बोललो. "जाऊ द्या हो, गेली तर गेली."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण या वाक्याइतकं वाईट काही बोललो नाही. त्यात अंगठी होती, ती गेली होती, आणि नेणाऱ्याला मी मोठ्या मनाने सोडून देत होतो. बाई खाली बसली, पोतं भरलं, भाकर झटकून फडक्यात बांधली आणि आली तशी पुलाकडे निघून गेली. चाळणी तिथेच राहिली.

घरी आलो तर बायको दारातच उभी. शेजारणीने तिला विचारलं होतं, तुमच्या सरांची अंगठी सापडली का म्हणून. माझी लग्नातली अंगठी बोट जाडावल्यापासून कपाटात आहे. तिने कपाट उघडून पाहिलं होतं. डबी हातात होती.

"मंग ही कोनाची?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. शिशापासून पोत्यापर्यंत. तिने डबी मिटून ठेवली. मग म्हणाली, "तिची भाकर मातीत पडली आन् तुमी बाकावर बसून होते?"

"हो."

"चपला घाला. मी येतो संगं."

तिची वस्ती गावाबाहेर, नाल्याच्या काठाला. बाई दारात बसून तारेवरचं प्लास्टिक सोलत होती. तिने माझ्या बायकोला बसायला पोतं टाकलं. मी उभाच राहिलो. उभ्यानेच सांगितलं की अंगठी पडलीच नव्हती, ब्रेकरपाशी शिसं मीच उचलत होतो.

तिला पहिल्यांदा ते समजलंच नाही. "भेटली काय मंग अंगठी?"

"नव्हतीच. मी खोटं बोललो."

"मी देवीले नारळ बोलली होती," ती म्हणाली. "गुरुजीची अंगठी भेटू दे म्हून." तिने सोललेलं प्लास्टिक बाजूला टाकलं. "माह्यं पोतं उलथं केलं, तवा काहून नाही बोलले?"

"लाज वाटली."

"कायची?"

"रस्त्यावरचं वेचताना लोकांनी पाहिलं असतं, त्याची."

बोलून झाल्यावर माझं लक्ष तिच्या हातातल्या तारेकडे गेलं. तिनेही तिकडेच पाहिलं. पुन्हा तार सोलायला लागली. माझी बायको खाली मान घालून बसली होती. मला वाटलं होतं, बाई रडेल, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मले सांगून काय फायदा? मले तं माईतच होतं, मी घेतली नाही. तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखालचा डबा आणि डबीतली अंगठी घेऊन टपरीवर गेलो. तेच सगळे होते. मी डबा बाकावर ओतला, अंगठी शेजारी ठेवली आणि जसं घडलं तसं सांगितलं. तिची माफी मागा, असंही म्हणालो.

टपरीवाल्याने अंगठी उचलून पाहिली. दुकानदार हसला. "सर, नवी करून आनली न? त्या बाईवर आळ नको म्हून. तुमचं मन मोठं हाय, पन इतकंबी मोठं करू नये मानसानं."

"अहो, ही जुनीच आहे. आत झिजलेली पाहा."

"आन् शिसं काय तुमी वेचान?" तो म्हणाला. "तुमी?"

मी शपथ घेतली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला शांत केलं. माझं खोटं त्यांनी ऐकताक्षणी खरं मानलं होतं. कारण मी सर होतो, आणि आता त्याच कारणाने ते माझं खरं खोटं ठरवत होते.

मी शिसं पुन्हा डब्यात भरलं आणि वस्तीवर नेऊन दिलं. बाईने डबा हलवून पाहिला, आतला माल वेगळ्या ढिगावर ओतला आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला. टपरीवर काय झालं ते मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग झालंच."

त्यानंतर ती वाशीमच्या रस्त्याला आली नाही. आता पुसदच्या अंगाला जाते. वस्तीवरून ते दुप्पट लांब पडतं. एकदा बाजारात भेटली तेव्हा मी म्हणालो, इकडे येत जा, मी आता काही उचलत नाही. तिने माझ्या बायकोची तब्येत विचारली आणि पुढे गेली.

मी मात्र अजून त्याच रस्त्याने जातो. जी गोष्ट मी तिथे सोडली ती आता माझ्याशिवायच चालते. परवा टपरीवर वाशीमचा एक ड्रायव्हर बसला होता. टपरीवाला त्याला सांगत होता, आमच्या सरांची तोळ्याची अंगठी इथंच पडली होती, एका भंगारवालीनं लांबवली. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "अंगठी पडलीच नव्हती. ती बाई निर्दोष आहे. खोटं मी बोललो होतो."

ड्रायव्हर माझ्याकडे पाहतच राहिला. टपरीवाला त्याला म्हणाला, "पाह्यलं? असे हायेत आमचे सर."