बसताना की उठताना

सांगलीहून शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "तुमच्या वहिनी गेल्या हो. सकाळी स्वयंपाकघरात, पाटापाशी... बघता बघता." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "बसताना की उठताना?" "काय म्हणालात?" असं काकूंनी दोनदा विचारलं. म्हातारीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. आता महिना उलटलाय, तरी तोच प्रश्न मला सुखानं बसू देत नाही. तो का, हे सांगायचं तर मला दुसऱ्या महायुद्धाच्या, त्या लढाईच्या दिवसांत मागं जावं लागेल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर सांगलीचं, लग्नाआधी इंग्रजी सहावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकच्या एक यत्ता अलीकडंपर्यंत शिकलेली. वयानं माझ्याहून थोडीच मोठी, म्हणून मी तिला एकेरीत बोले आणि आईची बोलणी खाई. शेती फलटणच्या बाजूला चुलते बघायचे आणि माझ्या शाळेसाठी आम्ही साताऱ्यात बिऱ्हाड केलं होतं. दादा पलटणीत होता. लग्नानंतर लवकरच त्याची पलटण समुद्रापार गेली. आधी पत्रं यायची, मग थांबली, मग तो बेपत्ता असल्याचा सरकारी कागद आला. तो कागद वहिनीनंच आम्हाला वाचून दाखवला. वाचून झाल्यावर ती चुलीवरचं दूध बघायला आत गेली.

काही दिवसांनी ती मला हळूच म्हणाली, "वन्सं, मी बाहेरून मॅट्रिकला बसते." का, ते मी विचारलं नाही. शाळेत नोकरी मिळाली तर घर उभं राहील, एवढं मलाही कळत होतं. पण ते आईलाही कळलं, आणि तिथंच सगळं बिनसलं. "त्यो परत येणार न्हाई असं धरूनच चाललीय व्हय ही?" असं आई मला म्हणाली, तेही वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं. वास्तू तथास्तु म्हणते असं मानणारं आमचं घर. तिथं पुस्तक उघडणं म्हणजे दादाच्या नावानं वाईट चिंतणं झालं. वहिनी रात्रंदिवस धास्तावलेली असायची. पुस्तक पिठाच्या डब्याआड ठेवायची, आईची चाहूल लागली की भाकरी थापायला लागायची. आणि खरं सांगते, मलाही भीती वाटायची. ही पास झाली तर दादा यायचा नाही, असलं काहीतरी माझ्याही मनात येऊन जाई.

बाकीच्या विषयांत ती माझ्या पुढं होती. इंग्रजीतल्या त्या जोड्यांनी मात्र तिला रडवलं. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ, प्रॅक्टिस म्हणजे सराव आणि तेच सराव करणं, लायसन्सचीही तीच गत. एक नाम, एक क्रियापद, आणि स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा. नाम असलं तर 'सी', क्रियापद असलं तर 'एस', हे तिला पाठ होतं, पण लिहायला घेतलं की हात गडबडायचा. मग तिनंच तोड काढली. नाम म्हणजे बसलेला माणूस आणि क्रियापद म्हणजे कामाला उठलेला. मी दाराशी भाजी निवडत वाक्य म्हणायचं आणि तिनं पाटावर बसायचं नाहीतर उठायचं. तोंडानं अवाक्षर नाही. अंगात भिनलं की हात चुकणार नाही, असं तिचं म्हणणं. एकदा मी 'लॉस' म्हटलं, म्हणजे हानी, ती बसली. 'लूझ' म्हटलं, म्हणजे गमावणं, तर ती उठलीच नाही. बसल्या बसल्या म्हणाली, "ही जोडी नको गं, वन्सं."

एकदा मी नव्हते. ती एकटीच मनात शब्द आणून उठबस करत होती, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आई दारात येऊन उभी राहिली. आता बोलणी बसणार म्हणून वहिनी पिठाच्या डब्याकडं वळली... पण आईच्या डोळ्यांत पाणी. "कवापास्नं करतीयास गं ही उठबस? त्याच्यासाठीच न्हवं?" वहिनी काही बोलणार तोच आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नगंस. बोलून दाखवला की नवस फुटतो. मी बी करते. दोघींचं मिळून देवाला ऐकू जाईल." आणि आईनं शेजारी दुसरा पाट मांडला. तिचे गुडघे आधीच गेलेले, भिंत धरून उठायची, "आई गं" करत बसायची. त्या दिवसापासून वहिनीला अभ्यासाची मुभा मिळाली, वर कपभर दूधही. ते दूध ती गुपचूप माझ्या पेल्यात ओतायची. खरं सांगावं तर आईचा धीर सुटणार, न सांगावं तर रोज देवाच्या नावानं खोटं. मी तिला म्हणे, राहू दे, म्हातारी खूश आहे. वहिनी म्हणे, "पण आता मला जोड्या आठवत न्हाईत, वन्सं. उठले की तुझे दादाच आठवतात."

परीक्षेच्या हॉलमध्ये त्या जोड्यांचा प्रश्न आला तेव्हा ती बाकावरून अर्धवट उठली म्हणे. देखरेखीवरच्या बाईंनी विचारलं, पाणी हवंय का? वहिनी हे सांगताना हसायची. पास झाली, आणि सांगलीला मुलींच्या शाळेत लागली. आई तिच्यासोबत गेली. लढाई संपली, लोणंदच्या स्टेशनावर गावोगावचे शिपाई उतरू लागले. चुलते जाऊन यायचे आणि नुसती नकारार्थी मान हलवायचे. दादाचं पुढं काही कळलं नाही, आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. पास झाल्यावर वहिनीनं पाट उचलायचं ठरवलं होतं, पण सकाळी बघते तर आई तिच्या आधीच येऊन बसलेली. आई गेली तोवर दोघींची उठबस चालली.

आई गेल्यावर तरी थांबली असेल असं मी धरून चालले होते. मागच्या दिवाळीत सांगलीला गेले तर वहिनी, ऐंशीच्या घरातली, सकाळी भिंत धरून उठतेय, बसतेय. आईसारखीच "आई गं" करत. मला राग आला. म्हटलं, "वहिनी, अगं अजून? तो काय खरा नवस होता का?" ती दम खात पाटावर टेकली. "न्हवता गं. पण थांबवायचं म्हणजे कुठल्या दिवशी, ते ठरेना... ज्या दिवशी थांबवीन, त्या दिवशी ते गेले असं मीच म्हटल्यासारखं होईल की."

तेराव्यानंतर तिचा पाट मी साताऱ्याला आणला. काकूंना पुन्हा विचारलं, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. बसताना गेली असेल तर शेवटी तिनं थांबवलं असं धरायचं, आणि उठताना असेल तर वाट बघतच गेली असं, ते आता कळायचं नाही. जेवण झालं की पाट भिंतीला उभा करून ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. परवा त्यावर बसून जेवले, उचलायला गेले आणि हात तिथंच थांबला. तो अजून आडवाच आहे. दादा माझाही भाऊ होता.