माझ्या समक्ष जाळले

आमच्या सरकारी कार्यालयात महिनाअखेरीला जुने गोपनीय कागद जाळायचे. कारकुनानं जाळायचे, सुरक्षा पर्यवेक्षकानं समोर उभं राहायचं आणि राख विस्कटली की ‘माझ्या समक्ष जाळले’ या ओळीखाली सही करायची. पर्यवेक्षक मी. कारकून म्हणजे इथल्या हिंदी मुलखात नदीकाठच्या ब्रह्माघाटावरचे आमचे मराठी शेजारी, काका. ऑफिसात मी त्यांची ‘मॅडम’, घरी ‘बाळ’. त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते. धुरानं मला खोकला येतो म्हणून मी खोलीत बसूनच सही करायचे. खरं तर खोकला कमी, आळस जास्त.

एका सोमवारी बालाजी घाटावरच्या नाववाल्यानं एक भिजलेला पुठ्ठा पोलीस चौकीत नेऊन दिला. एका बाजूला कॅलेंडरवरचा गणपती, दुसऱ्या बाजूला आमचा ‘गोपनीय’ शिक्का आणि वर चिकटलेले दोन कागद. कुणीतरी कधीकाळी फाइलला कॅलेंडरचं कव्हर घातलं होतं.

मी काकांना कोपऱ्यात घेतलं.

“अगं, देवाची तसबीर जाळतात का कुठं?” ते म्हणाले. “नदीत विसर्जन केलं. आत कागद चिकटलेत हे दिसलंच नाही बघ.”

मला संताप आला. त्यांच्यावर चिडणं सोपं होतं. पण मी तिथं उभी असते तर एवढंच म्हटलं असतं, काका, आधी आतून बघून घ्या.

दुपारी चौकशी बसली. आधी काकांना बोलावलं. मी बाहेर बाकावर बसून खरं सांगायचं वाक्य घोकत होते. ते म्हटलं की माझी नोकरी जाणार, आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. मग मला आत घेतलं. काका भिंतीशी उभे होते.

चौकशीचे साहेब म्हणाले, “ये कह रहे हैं, आप सामने खड़ी थीं, इन्होंने आपसे छिपाकर निकाला. सही है?”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

“जी,” मी म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हातानं दिली. संध्याकाळपर्यंत काकांच्या निलंबनाचा कागद निघाला. तो त्यांना द्यायचं कामही माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाटावरून ओल्या पंच्यानं येताना गल्लीत समोरच भेटले. मला पळायलाही जागा नव्हती.

“बाळ, खोकला कसा आहे गं आता?” त्यांनी विचारलं.

“बरा आहे,” मी म्हणाले.