बाबूजी हाताने वाढून घेत होते

बाबूजींशी माझं शेवटचं बोलणं दोन शब्दांचं झालं, आणि ते दोन्ही शब्द त्यांचेच होते. रविवारची दुपार होती. आमच्या ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी बुफेचं एक हॉटेल आहे. तिथं कढीच्या भांड्यापाशी माझे सासरे ताट घेऊन उभे होते. त्यांनी डाव उचलला आणि हात तसाच वर राहिला... मग ताट पडलं, आणि त्यामागून ते. मी शेजारच्याच टेबलावर होते. सगळ्यांच्या आधी पोचले, खाली बसले आणि त्यांच्या डोक्याखाली हात घातला. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि जड झालेल्या जिभेनं म्हणाले, "हात काढ." मी काढला नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तसाच ठेवला. चौथ्या दिवशी दवाखान्यात ते वारले.

याला आता दीड महिना होईल. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी बाबूजींवर लेख मागितला तो सुधीरकडे, म्हणजे माझ्या यजमानांकडे. वडील त्यांचे, तेव्हा लिहायचंही त्यांनीच. पण त्यांनी दोन दिवस कोरा कागद समोर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे सरकवला. "तुझी भाषा चांगली आहे, तूच लिही." मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी आणि हिंदी शिकवलं आहे, भाषा चांगली असेलच. लिहिते. पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, एवढी चांगली भाषा माझ्याजवळ नाही.

एक चांगली गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते, कारण ती खरी आहे. लग्न होऊन मी रायपुरात आले तेव्हा माझं बी.एड. अर्धवट राहिलं होतं. फॉर्म बाबूजींनी आणला, स्वतः भरला आणि रेल्वेच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून माझ्यासोबत कॉलेजच्या खिडकीपाशी उभे राहिले. "शिकलेली सून घरात पाहिजे," हे त्यांनी चार लोकांसमोर म्हटलं होतं. मी ते विसरले नाही. कदाचित त्यामुळेच पुढचा राग जास्त आहे. माणूस पहिल्यापासून वाईटच असता, तर मी त्याच्याकडून काही मागितलंच नसतं.

आमच्या घरी जेवण म्हणजे बाबूजी बसले आहेत आणि आई, माझ्या सासूबाई, उभ्या आहेत. पोळी तव्यावरून थेट ताटात. अर्धी संपली की दुसरी, आणि तीही न मागता. बाबूजींना मागावं लागलं तर ते मागत नसत, नुसते हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहत. त्या दोन हातांना आई जितकी घाबरायची तितकी ती कोणत्याच शिवीला घाबरली नसती. बाबूजी उठले की सुधीर बसायचे, मग मी शाळेतून आलेली असले तर मी, आणि आई तीन वाजता, उरलेल्या गार पोळीशी. शेवटच्या दोन वर्षांत तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. मी म्हणायचे, "आई, तुम्ही बसा, मी करते." ती म्हणायची, "मले सवय आहे पोरी. तुले नाही जमणार." ती गेली त्या सकाळीही तिनं कणीक भिजवून ठेवली होती.

तिचे दिवस झाल्यावर मी एक ठरवलं. कोणाला विचारलं नाही, हे कबूल करते. पोळ्या एकदम करून डब्यात ठेवल्या, भाजी, वरण, भात सगळं टेबलावर मांडलं, तीन ताटं ठेवली आणि मीही बसले. बाबूजी आले, बसले आणि त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

"घ्या ना, बाबूजी."

"वाढाले कोणी नाही?"

"सगळं समोरच आहे. आम्हीपण हातानंच घेऊन राहिलो."

ते सुधीरकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "तुझी माय गेली अन् मी भिकारी झालो का रे? पंगतीत भिकाऱ्यालेही कोणी हातानं घे म्हणत नाही."

सुधीर ताटातल्या भाताकडे बघत राहिले. बाबूजी उठले. तो दिवस आणि दुसरा दिवस त्यांनी चहा-बिस्किटावर काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता इस्त्रीचा सदरा घातला, काठी घेतली आणि बाहेर पडले. मला वाटलं, मंदिरात गेले असतील. तासाभरानं समोरच्या घरातली बाई सांगत आली, "भाभी, बाबूजी होटल में खा रहे हैं. घर में सब ठीक है ना?"

त्या दिवसापासून सहा वर्षं दुपारचं जेवण तिथंच. सकाळचा चहा आणि रात्रीचं दूध घरी. हॉटेलला रस्त्याकडून मोठी काच आहे. ते बरोबर काचेजवळच्या टेबलावर बसायचे, तोंड रस्त्याकडे करून. बूढ़ापाऱ्याकडे जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस तिथूनच जातो. कोणी हात जोडले की ते जेवण थांबवून हात जोडायचे. मी नाही म्हणत की ते कोणाला काही सांगत होते. त्यांना सांगायची गरजच नव्हती. महिन्याभरात भाजीवाली मला म्हणाली, "दीदी, बुजुर्ग आदमी को दो रोटी तो दे दिया करो." शाळेत स्टाफरूममध्ये मी डबा उघडला की एक बाई नेमकी विचारायची, "सासरे बरे आहेत ना?" मी उत्तरं द्यायची सोडून दिली. काय सांगायचं? मी वाढलं नाही, पण रांधलं रोज, हे कोणाला ऐकायचं होतं?

एकदा शाळेतून लवकर सुटले होते. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून काचेतून बघत होते. बाबूजी उठले. ताटांच्या चळतीतून एक ताट घेतलं, रुमालानं पुसलं आणि रांगेत उभे राहिले. पुढे कोणीतरी कुटुंब होतं, त्यांची मुलं पनीरसाठी भांडत होती, बाबूजी शांतपणे थांबले. मग झाकण उचललं, दाल घेतली. जीरा राईस घेतला. पापड घेतला. सगळं हाताने... तिथल्या म्हाताऱ्या वेटरनं मला नंतर सांगितलं की पहिल्या दिवशी ते पाव तास नुसते बसून होते. मग हा जवळ जाऊन म्हणाला, "बाबूजी, यहाँ अपने हाथ से लेना पड़ता है." आणि बाबूजी "हव" म्हणून उठले. एवढंच. छत्तीसगढ़ीतलं एक हव, म्हणजे हो. ज्या शब्दासाठी मी तीन दिवस टेबलापाशी बसले होते, तो त्यांनी अनोळखी माणसाला एका दमात देऊन टाकला. म्हणजे हाताला लाज नव्हती. लाज फक्त माझ्यासमोर होती, किंवा ती लाज नव्हतीच...

त्याच आठवड्यात रविवारी मी हॉटेलात गेले आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, "घरी चला, बाबूजी. एक दिवस तुम्ही हातानं घ्या, एक दिवस मी वाढते." माझ्याकडून ती माघार होती आणि मला ती सोपी गेली नव्हती. त्यांनी घास संपवला, घोटभर पाणी घेतलं आणि वेटरला हाक मारली. "भैया, इनको दूसरी टेबल दे दो. मैं अकेला खाता हूँ." हॉटेल भरलेलं होतं. आमच्या गल्लीतली चार माणसं तरी होती. वेटर बिचारा मान खाली घालून उभा राहिला. मी उठले, शेजारच्या टेबलावर बसले, ताट आणलं आणि जेवले. दोनदा घेतलं.

मग मी दर रविवारी जाऊ लागले. बघायचंच आहे तर लोकांनी दोघांनाही बघावं. ते काचेकडे तोंड करून, मी त्यांच्याकडे तोंड करून. डॉक्टरांनी त्यांना मीठ आणि गोड कमी सांगितलं होतं. मी बघते आहे हे कळलं की ते मुद्दाम उठून दुसरा पापड आणायचे, तिसरा गुलाबजाम आणायचे आणि माझ्याकडे बघत खायचे. मीही गुलाबजाम आणायची. मला ते आवडतही नाहीत. सुधीर एकदाही आले नाहीत. विचारलं की एकच उत्तर, "मले तुमच्या दोघांच्या मधात पाडू नको." मधात ते कधीच नव्हते. ते घरी बसून मी केलेलं जेवत होते.

दवाखान्यातल्या चार दिवसांत मी तिन्ही रात्री तिथं होते. बाबूजींची वाचा पूर्ण गेली होती, पण डोळे शाबूत होते. सुधीर आले की उघडायचे, मी आले की मिटायचे. नर्स म्हणाली, "नींद में हैं." ते झोपेत नव्हते. ते जाताना मी रडले नाही. नंतर घरी चादरी धुताना रडू आलं, पण ते त्यांच्यासाठी होतं की सहा वर्षांसाठी, हे मला आजही सांगता येत नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "शेवटी तूच केलंस हो त्यांचं." आधी याच बायका भाजीवालीपाशी काय म्हणत होत्या, ते मला माहीत होतं. मी चहा दिला. हॉटेलचा मालकही हार घेऊन आला. "घर के आदमी थे हमारे," म्हणाला. त्यालाही चहा दिला.

तेराव्याला बाबूजींच्या फोटोपुढं पान मांडायचं होतं. स्वयंपाक मी केला. वडे, खीर, पुरण, दोन भाज्या, कढी, काहीही कमी ठेवलं नाही. भांडी आणून फोटोपुढं ओळीनं ठेवली, केळीचं पान पुसून मांडलं. खोलीत वीस-पंचवीस माणसं होती. गुरुजी म्हणाले, "सूनबाई, वाढा."

मी म्हटलं, "मी रांधलं आहे. वाढणार नाही."

कोणीतरी खोकलं. गुरुजींनी पुन्हा म्हटलं, जरा हळू, मुलाला समजवावं तसं. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. सगळे सुधीरकडे बघायला लागले. साठीला आलेल्या या माणसानं कोणाच्या पानात काही वाढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, माझ्या तापातही नाही. ते उठले. धोतर सावरत फोटोपुढं वाकले आणि डाव उचलला. भात पानाच्या भलत्याच टोकाला पडला. कढी त्यावर ओतली ती पानाबाहेर वाहिली, ती त्यांनी उपरण्यानं पुसली. पुरण चमच्याला चिकटून राहिलं, बोटानं काढावं लागलं. मग त्यांनी मिठाची वाटी घेतली आणि पानावर हात धरून थांबले. मीठ कुठं वाढायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं नाही.