डिरेक्टरी आणि दोन गाळण्या

बायको सोडली तर सगळं जग त्यांना डिरेक्टरी म्हणे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस. शहरातले आठशे नंबर तोंडपाठ, आणि कपाळावर ढकललेला चष्मा मात्र बायकोने शोधून द्यायचा. नंबर बदलणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. माणसाने घर बदलावं, नोकरी बदलावी, पण नंबर बदलणं म्हणजे त्यांच्या डोक्यात न विचारता खोदकाम.

अशा माणसाच्या हृदयाची झडप चुना साचून कडक झाली. दोन पायऱ्या चढल्या की धाप. जांघेतून नळी घालून नवी झडप बसवायची ठरली. छाती उघडणार नाहीत म्हणून स्वारी खूश होती. पण जुनी झडप दबताना तिचे कण सुटून मेंदूत जाऊ शकतात, हे कळलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. हृदय काय, पंप आहे. डोक्यात मात्र अख्खं एक्स्चेंज होतं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी तळहातावर एक इवलीशी जाळीची पिशवी ठेवून दाखवली. अशा दोन गाळण्या मनगटातून नेऊन मेंदूकडे जाणाऱ्या वाटांवर उघडायच्या. रक्त पुढे जातं, कण अडकतात, काम झालं की जाळी कणांसकट बाहेर. एखादा निसटूही शकतो, हमी नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण डिरेक्टरी केव्हाच फुलले होते. म्हणजे दारात ऑपरेटर बसवायचा, नको तो कॉल आत जोडायचा नाही! शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना त्यांनी हे दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा ते झोपलेले होते.

झडप बसली. डिरेक्टरी पूर्ण वेळ जागे, पुटपुटत नंबर मोजत होते. खोलीत आणल्यावर बायकोने परीक्षा सुरू केली. शाळेचा नंबर बरोबर. बँकेचा बरोबर. मग तिने भावाचा विचारला. डिरेक्टरींनी खाडकन सांगितला. तिने वहीत पाहिलं. एक आकडा जुळेना. तिने खाटेजवळची घंटा दाबली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. हात वर करवले, हसायला लावलं, बोलायला लावलं. सगळं ठीक.

"मग नंबर कसा चुकला हो?" बायकोने वही पुढे केली.

"चुकला कुठे? हाच त्याचा नंबर. तीन वर्षांपूर्वी त्याने परस्पर बदलला. मी मान्यता दिलेली नाही."

बायको आधी रडली, मग असं काही बोलली की डॉक्टरीणबाईंना खिडकीबाहेर बघावं लागलं. सावरल्यावर त्यांनी गाळणीतून निघालेला ऐवज दाखवला: बाटलीच्या तळाशी वाळूसारखे पाच-सहा पांढुरके कण.

"ह्यातला एखादा," बायको म्हणाली, "तो जुना नंबर तेवढा घेऊन गेला असता, तर चाललं असतं."

डिरेक्टरी बराच वेळ ती बाटली उजेडात फिरवून बघत राहिले. मग त्यांनी उशी सरळ केली.

"तुझ्या भावाचा नवा नंबर सांग. डोकं शाबूत आहे, तर एक घालून बघतो."