पोचे काढणाऱ्याचा ग्रह

अशी कल्पना करा, तुमच्यासमोर एका ताऱ्याच्या उजेडाचा आलेख आहे. हजारो ठिपक्यांची लांबच लांब रांग. ताऱ्यासमोरून ग्रह सरकला, की ती रांग एका जागी किंचित खाली दबते. किती? हजारात एक भाग. शोधा बरं!

आबांना ते जमायचं. गाड्यांचे पोचे काढण्यात त्यांची हयात गेलेली. पत्र्यावर तिरपा उजेड टाकून, एक डोळा मिटून ते पोचा हुडकत. आणि जेवणाच्या सुट्टीत गॅरेजच्या संगणकात डोकं खुपसून ग्रह. असे आलेख सगळ्यांना खुले असतात. ते चाळणाऱ्या हौशी मंडळींच्या गटात आबाही होते.

एका ताऱ्याच्या आलेखात त्यांना सारखेच दोन पोचे सापडले. ग्रह खरा असेल, तर तेवढ्याच अंतराने तिसरा हवा. "तो दाखवा, मग पुढे पाठवते," गटाच्या प्रमुख बाईंनी कळवलं.

तारा मुळातच थोडा कमी-जास्त तेवतो, म्हणून आलेख आधी सपाट करून घ्यावा लागतो. पहिल्या दोन पोच्यांचे आलेख गटाने सपाट करून दिले होते. तिसऱ्याच्या वेळचा आबांनी स्वतः केला. पोचा नव्हता.

आठवडाभर आबांचं तोंड उतरलेलं. गॅरेजचं काउंटर काकू, म्हणजे त्यांची बायको, सांभाळायच्या. त्यांनी शेवटी विचारलंच, "कुठे गेला तुमचा ग्रह? रुसला?"

"नव्हताच तो. बघ, कशी सरळ रेघ आहे."

काकूंनी वाकून बघितलं. "अहो, ही तर तुमच्या हातची दिसतेय. माझ्या पातेल्याचे पोचे न सांगता ठोकून काढता, याला सोडलं असेल होय?"

आबा हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. आलेख सपाट करताना केवढे चढउतार पुसायचे ते संगणकाला आपण सांगायचं असतं. आबांनी सवयीने बारीकसारीक सगळेच पुसले होते. ताऱ्याच्या लहरींबरोबर ग्रहाची सावलीही घासून गेली होती.

मूळ आलेख पुन्हा घेतला. या खेपेला हलक्या हाताने.

"आहे! आहे गं!"

बाहेर रंगाऱ्याचा फवारा थबकला.

"मग आता हातोडी लांब ठेवा," काकू म्हणाल्या.

बाईंनी तो तारा मोठ्या दुर्बिणीतून तपासायला धाडला आहे. उत्तर यायचंय. आबा मात्र त्या आलेखापाशीच अडून बसलेत. तिसरा पोचा आलाय खरा, पण ठरल्या वेळेहून अर्धा तास उशिरा. दुसरा एखादा ग्रह त्याला वाटेत ओढून धरतोय का?