गृहीतक नसलेले सर

आमच्या गोंदियाच्या कॉलेजात 'माहीत नाही' असं चेहरा न पाडता म्हणू शकणारे एकच प्राध्यापक होते. ते व्यवस्थापन शिकवत. मुलं माघारी त्यांना 'पाह्यतो सर' म्हणत, कारण काहीही विचारलं की उत्तर यायचं, "थांब गा, पाह्यतो."

दोन हजार सालानंतर आमच्या विभागात पीएच.डी.ची साथ आली. विषय सगळ्यांचे भारदस्त. बेरोजगारी, कुपोषण, सहकार. निष्कर्ष मात्र सगळ्यांचा एकच, जनजागृतीचा अभाव. तो आधीच ठरलेला असल्यामुळे पाहणीत वेळ जात नसे. सर उलट्या टोकाने निघाले. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी उन्हाळी धानाच्या वेळी शेवटच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे टोकाच्या भातखाचरांपर्यंत, का पोचत नाही, एवढा त्यांचा प्रश्न. उत्तर काय निघेल, हे गृहीतक म्हणून आधी लिहून द्यायला त्यांनी नकार दिला.

प्रश्नावलीशी त्यांचं वैर होतं. "कागद काढला का माणूस परीक्षेला बसते," ते म्हणायचे. "मंग खरं नाही सांगत, बरोबर उत्तर सांगते." म्हणून ते कालव्यावरच्या चहाच्या टपरीवर नुसते बसून राहत. गावकऱ्यांना आधी वाटलं, साहेब पाटबंधारे खात्याचे आहेत. मग वाटलं, मुलासाठी मुलगी पाहायला येतात. त्या काळात त्यांचा पाहुणचार उत्तम झाला.

"पोरगा नाही जी मले," शेवटी सरांनी सांगून टाकलं.

"मंग येता कायले?"

"पाहून राहिलो."

"काय?"

"तेच अजून समजलं नाही."

यानंतर लोकांना त्यांची कीव आली आणि ते मोकळेपणाने बोलू लागले.

वरचे शेतकरी पाणी चोरतात, हे सगळेच सांगत. चोरी होतीही. पण सरांना दिसलं ते वेगळंच. खालचे शेतकरी पाण्याची आलेली पाळी स्वतःच सोडून देत होते. "पाणी घेऊन का करू जी? रोवाले बाया कुठी आहेत?" रोवणीच्या, म्हणजे भातलावणी करणाऱ्या बायांच्या, टोळ्या आधी वरच्या बांध्यांत लागत. त्या खाली येईपर्यंत पाण्याची पाळी संपलेली असे. पाण्याचं वेळापत्रक आणि बायांचं वेळापत्रक कोणी शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं.

आता अडचण विद्यापीठाची होती. नोंदणीच्या अर्जात गृहीतकाचा रकाना कोरा, आणि समितीपुढची ही शेवटची संधी. पदवी मिळाली तर लवकरच रिकामं होणारं प्राचार्यपद सरांचंच होतं. त्यांच्या विभागातला कनिष्ठ प्राध्यापक म्हणून मी सोबत गेलो होतो.

"रकाना कोरा का?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाहायच्या आधी माहीत नव्हतं, सर."

"आता माहीत आहे ना? मग तेच लिहा आणि जुनी तारीख टाका. सगळे टाकतात."

"तसं केलं तर मी सुरुवातीपासूनच हुशार होतो असं दिसेल. नव्हतो जी."

एका सदस्यांना समोशाचा ठसका लागला. समितीने अर्ज फेटाळला.

परतीच्या बसमध्ये मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माणसं एकेकटी भेटली का शहाणी असतात. एका टेबलाभोवती बसली का असं काऊन होते गा?" त्यांना नवा विषय सापडला होता.

प्राचार्यपद अर्थातच गेलं. जनजागृतीचा अभाव सिद्ध केलेल्या एका गृहस्थांना ते मिळालं. सत्काराला हार कमी पडले नाहीत. सरांनी मात्र आपण पाहिलेलं कालव्यावरच्या त्या गावच्या पाणीवाटप संस्थेच्या अध्यक्षांना चहा पिता पिता सांगून टाकलं.

पुढच्या उन्हाळी धानाआधी संस्थेची बैठक होती, तिला सर मलाही घेऊन गेले. आम्ही मागच्या सतरंजीवर बसलो. रोवणीच्या टोळीची मुकादमीण त्या बैठकीला पहिल्यांदाच आली होती. ती उभी राहून म्हणाली, "आधी आमी कोनाच्या बांधीत कवा लागतो ते इचारा. मंग पान्याची पाळी ठरवा."

माझ्याने राहवेना. मी कुजबुजलो, "सर, हा तर तुमचा अख्खा प्रबंध!"

"चूप बस गा," सर म्हणाले. "बाई बोलून राहिली."